ब्रशचं टोक वितळलं कुठे, कारखान्यात की लॅबमध्ये?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुमच्याकडे टूथब्रशवर पानभर लेख आला होता, वरती तो मोठ्ठा काळापांढरा फोटो, ब्रशचे केस दोनशेपट मोठे करून दाखवलेले आणि एकेकाच्या टोकाला अळंबीसारखी टोपी, खाली ओळ की हे रोज तुमच्या हिरड्यांवर फिरतंय. सोमवारी सकाळपर्यंत तो फोटो आमच्या तीन व्हॉट्सॅप ग्रुपवर फिरून आला. धाकट्या जावेने घरातले चारही ब्रश कचऱ्यात टाकले आणि मग मला फोन, "ताई, तुम्ही त्या मायक्रोस्कोपवर होता ना, हे खरंय का हो?" आधी फेकायचे आणि मग विचारायचं, असो.

तर मी २४ वर्षं एका कॉलेजच्या लॅबमध्ये एसईएम, म्हणजे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप चालवायचे. शास्त्रज्ञ वगैरे नाही, टेक्निशियन. लोक सॅम्पल घेऊन यायचे, मी ते तयार करून आत घालायचे आणि फोटो काढून द्यायचे. त्या अनुभवावर सांगते, फोटो खोटा नाहीये, कुणी फोटोशॉप केलेला नाही, पण त्या टोप्या दुकानातून आलेल्या ब्रशवर होत्या का फोटोसाठी ब्रश तयार करताना चढल्या हे त्या फोटोवरून कुणालाच सांगता येणार नाही, आणि मला तरी दुसरीच शंका जास्त येते. लेखात ब्रश कसा कापला, कसा सुकवला, किती व्होल्टेजवर पाहिला याचा एक शब्द नाही. सरळ कंपन्यांना फासावर.

नायलॉनची दोरी कापली की आपण काय करतो? टोक सुटू नये म्हणून मेणबत्तीवर धरतो. क्षणात टोक आक्रसतं आणि त्याची गुळगुळीत गोळी होते, दोरीपेक्षा जाड. तुमच्या फोटोतली टोपी हुबेहूब तशी आहे. टूथब्रशचा केस म्हणजे तरी काय, नायलॉनची दोरीच, फक्त दोन दशांश मिलिमीटरची.

हा केस बनतो कसा तर वितळलेलं नायलॉन बारीक भोकातून काढतात आणि मग चांगलं मूळ लांबीच्या तिपटी-चौपटीने ताणतात. त्या ताणण्यानेच त्याला ताकद आणि स्प्रिंग येते, आतल्या लांबलचक साखळ्या एका दिशेला ओढल्या जाऊन तशाच थिजतात. म्हणजे तो केस जन्मभर ताणलेलाच असतो, नुसता धरून ठेवलेला. जरा ऊब मिळाली की त्या साखळ्यांना मोकळीक मिळते आणि त्या परत गोळा व्हायला बघतात. म्हणून तापलेलं नायलॉन नुसतं मऊ होत नाही, आखडतं आणि जाड होतं. ज्यांनी कधी नायलॉनच्या साडीवर कडक इस्त्री ठेवलीये त्यांना वेगळं सांगायला नको, माझी एक मोरपंखी साडी त्यातच गेली.

आणि यात दोन वेगवेगळ्या गोष्टी आहेत ज्या लोक एकत्र करतात. वाकायला लागते ती उष्णता वेगळी आणि वितळायला लागते ती वेगळी. ब्रशमध्ये बहुतेक वेळा नायलॉन ६,१२ असतं, ते वितळतं साधारण २१५ डिग्रीच्या आसपास. जुनं नायलॉन ६,६ होतं ते २६० च्या पुढे. पण कोरडं असताना साधारण ५० ते ६० डिग्रीलाच त्याचा कडकपणा सुटायला लागतो, आणि ओलं असेल तर त्याच्याही बऱ्याच खाली, कारण नायलॉन पाणी पितं. सकाळी ब्रश तोंडात घातल्यावर मिनिटभरात मऊ वाटायला लागतो तो त्यामुळेच. म्हणजे लॅबमधल्या साध्या ओव्हनलासुद्धा केस वाकवता येतो, टोकाला गोळी करायला मात्र खरी आच लागते.

जुन्या ब्रशला ही भानगडच नव्हती. १९३८ च्या फेब्रुवारीत अमेरिकेत ड्यूपाँटच्या नायलॉनचा पहिला टूथब्रश बाजारात आला, त्याआधी ब्रशला डुकराचे राठ केस असायचे. केस जळतो, वास मारतो, काळा पडतो, पण वितळून त्याची गोळी होत नाही. त्यामुळे लॅबमध्ये काही चुकलं तर लगेच कळणार. नायलॉन मात्र इतकं सफाईदार बिघडतं की बिघाडच डिझाइन वाटतो.

आता आमच्या लॅबमधला किस्सा. डेंटलची एक पीजीची मुलगी थिसिससाठी ब्रश घेऊन आली होती, तीन महिने वापरलेले चाळीस ब्रश, लोकांकडून गोळा केलेले, प्रत्येकावर नंबरची चिठ्ठी. तिला बघायचं होतं की वापरून केस किती झिजतात आणि किती फाकतात. आमचा नियम असा की तोंडात गेलेली कुठलीही वस्तू निर्जंतुक केल्याशिवाय आत घ्यायची नाही, तेव्हा ते सगळे कागदी पाऊचमध्ये घालून ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेच्या मोठ्या कुकरला लावले, १२१ डिग्री, १५ पौंड दाब, २० मिनिटं, जसं बाकी सगळं लावायचो तसं. बाहेर काढले तर केस असे एका बाजूला झोपलेले की वाऱ्याने आडवं झालेलं भाताचं शेत. मुलगी खूश, तिचे सर तर जास्तच खूश, म्हणाले बघा लोक किती चुकीचं घासतात, उजव्या हाताने आडवं आडवं घासतात म्हणून सगळे एकाच बाजूला कललेत. दोन दिवस त्याच आनंदात फोटो काढले आम्ही.

तिसऱ्या दिवशी मी सहज तिच्या यादीत बघितलं तर १७ नंबरचा माणूस डावखुरा. त्याचेही केस त्याच बाजूला. मग मी एकेक पाऊच उचलून बघायला लागले, वापरलेले पाऊच अजून टेबलाखालच्या डब्यातच पडले होते, आणि प्रत्येकाच्या कागदावर केस टेकल्याचा दाब उमटलेला होता. ट्रेमध्ये जागा कमी म्हणून आम्ही ते पाऊच एकावर एक आडवे रचले होते ना, वरच्याच्या वजनाने खालच्याचे केस दाबले गेले, वाफेने मऊ पडले आणि थंड होताना त्याच पोझमध्ये सेट झाले. प्लीट्स टिकाव्यात म्हणून कपडा गरम करून दाबतात, तोच प्रकार.

मी खाली जाऊन कोपऱ्यावरच्या दुकानातून एक कोरा ब्रश आणला, पाकीट तिच्यासमोर फोडलं, पाऊचमध्ये घातला आणि त्याच ट्रेमध्ये तसाच इतरांच्या खाली दाबून लावला. वीस मिनिटं आणि वर थंड व्हायचा वेळ. बाहेर आला तो आडवा होऊनच, कुणाच्याही तोंडात न जाता तीन महिने वापरलेला. मुलगी काहीच बोलली नाही, नुसतं त्या ब्रशवरून अंगठा फिरवत बसली. चाळीसच्या चाळीस ब्रश वाया, लोकांना परत नवे ब्रश देऊन परत तीन महिने थांबायचं. चूक तिची नव्हती, नियम आमचा होता आणि ट्रे मी भरला होता. पुढच्या वेळेला जंतुनाशकात भिजवून, साध्या पाण्याने धुऊन, पंख्याखाली नाही की ओव्हनमध्ये नाही, नुसते उभे करून वाळवले, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काहीही करायच्या आधी साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, म्हणजे साध्या उजेडावर चालणाऱ्या दुर्बिणीखाली, प्रत्येकाचा फोटो काढून ठेवला.

पण तुमच्या फोटोत वाकलेले केस नाहीत, टोकाच्या टोप्या आहेत, म्हणजे मामला १२१ डिग्रीच्या पुढचा. त्याच्या वाटा मला ज्या माहीत आहेत त्या सांगते.

सगळ्यात कॉमन म्हणजे कापणं. अख्खा ब्रश मशीनमध्ये मावत नाही, बसवायची जी अॅल्युमिनियमची बटणासारखी स्टब असते ती जेमतेम साडेबारा मिलिमीटरची. मग ब्रशचं डोकं कापायचं किंवा केस सुटे करायचे. साध्या ब्लेडने केस चेपतो, टोक चपटं होतं, म्हणून पोरं युक्ती करतात, ब्लेड स्पिरिटच्या दिव्यावर गरम करायचं, लोण्यासारखं कापलं जातं. कापलं जातंच, पण कापलेल्या टोकाला गोळी होते. आणि आता गंमत बघा, केसाला टोकं दोन. एक कारखान्यातून आलेलं, एक तुम्ही कापलेलं. कार्बन टेपवर आडवा चिकटवला की कुठलं कुठलं कोण सांगणार? मी स्वतः दोनदा तरी फसलेय, पूर्ण सकाळ भलत्याच टोकाचे सुंदर फोटो काढलेत. नंतर एका बाजूला मार्करचा ठिपका द्यायला लागले.

खरं म्हणजे कापायची गरजच नसते, हे पण लोकांना माहीत नसतं. ब्रशच्या प्रत्येक भोकात केसांचा जुडगा मधोमध दुमडून धातूच्या छोट्या पट्टीने ठोकलेला असतो. पक्कडीने तो जुडगा उपटला की पट्टीसकट बाहेर येतो आणि हातात येतो तो इंग्रजी व्ही आकाराचा केस, ज्याची दोन्ही टोकं कारखान्यातली. ना ब्लेड, ना दिवा. सगळ्याच ब्रशना पट्टी नसते, काहींत केस प्लास्टिकमध्येच वितळवून बसवलेले असतात, तिथे हे जमत नाही, पण साध्या ब्रशला जमतं. डोकंच कापायचं झालं तर हाताने करवत हळूहळू चालवायची, ते फिरणारं छोटं कटर लावलं की प्लास्टिक घर्षणाने तापतं, वास येतो तेव्हाच समजायचं की झालं काम.

दुसरी वाट कोटिंगची. नायलॉनमधून वीज वाहत नाही, तसंच घातलं तर इलेक्ट्रॉन साचतात, केस स्क्रीनवर पांढरे फटक दिसतात आणि कधीकधी वाऱ्यावर हलावं तसे हलतात, ते उष्णतेने नव्हे बरं का, साचलेल्या चार्जने. म्हणून त्यावर सोन्याचा पातळसा थर देतात, दहा-वीस नॅनोमीटर, आर्गॉन गॅसमध्ये. हा थर देणारं मशीन म्हणजे कोटर, आमच्याकडे पहिला होता तो जुन्या पद्धतीचा, त्यात सॅम्पलवर सोन्याबरोबर इलेक्ट्रॉनचाही मारा व्हायचा आणि ते बऱ्यापैकी तापायचं, सलग तीन मिनिटं चालवलं की प्लास्टिकची सॅम्पल्स अंग टाकायची. नंतर मॅग्नेट्रॉनवाला आला, त्यात लोहचुंबकाने ते इलेक्ट्रॉन अडवलेले असतात, तो खूपच थंड. तरीसुद्धा मी नायलॉनला वीस सेकंद चालू, मिनिटभर बंद, परत वीस सेकंद असंच करायचे, पोरं कंटाळायची पण करायचे. सोन्याऐवजी कार्बन द्यायचा म्हणून कुणी कार्बनचा दोरा पेटवला तर मग विचारूच नका, तो पांढरा होईपर्यंत तापतो आणि सॅम्पल त्याच्यासमोर चार बोटांवर.

तिसरी वाट म्हणजे खुद्द मायक्रोस्कोप. हिशोब केला तर हसू येईल, २० केव्ही, म्हणजे वीस हजार व्होल्ट, आणि एक नॅनोअँपिअर करंट म्हणजे २० मायक्रोवॉट, जुन्या १५ वॉटच्या झिरोच्या बल्बचा साडेसात लाखावा हिस्सा. पण ती सगळी शक्ती काही मायक्रॉनच्या जागेत उतरते, आणि आत निर्वात असल्यामुळे हवेने थंड व्हायची सोय नाही, उष्णता जाणार ती फक्त केसातूनच खाली, आणि नायलॉन उष्णतेच्या बाबतीत कमालीचं चिकट, सोडत नाही. करंट तेवढाच ठेवला तर सहसा निभावतं. पण तपासणाऱ्याला त्याच बैठकीत मूलद्रव्यंही मोजायची असली तर करंट दसपट करतो, मग झूम करून एकाच टोकावर फोकस लावत बसतो, आणि बघता बघता टोकाची कड फुगते, वर सुरकुती येते, फोटो घेईपर्यंत आकार बदललेला. त्यात इलेक्ट्रॉनचा मारा नायलॉनच्या साखळ्याही तोडतो, तो बिघाड उष्णतेचा नव्हे पण दिसतो त्याच्यासारखाच. आमच्याकडे साधा रिवाज होता, फोकस शेजारच्या केसावर करायचा आणि मग पटकन सरकून ज्याचा फोटो हवा त्याचा एकच घ्यायचा. पाच केव्हीवर. फोटो थोडा फिका येतो, येऊ दे.

म्हणूनच मला तुमच्या फोटोचा तळ बघायचा होता. एसईएमच्या प्रत्येक फोटोखाली एक काळी पट्टी आपोआप छापून येते, त्यात व्होल्टेज, मॅग्निफिकेशन, अंतर, मोजपट्टी सगळं असतं. तुमच्याकडे ती कापून टाकलीये, बहुधा लेआउटवाल्याला ती घाण वाटली असेल. त्या पट्टीत ५ केव्ही असतं तर मी अर्धं पत्र लिहिलंच नसतं आणि २५ असतं तर हे पत्र दुप्पट झालं असतं.

आता कंपन्यांची वकिली करतेय असं कुणाला वाटायला नको. टोक गोल हवं ही गोष्ट जुनी आहे, अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सच्या डॉ. बास यांनी १९४८ मध्येच लिहून ठेवलं होतं की केस ०.००७ इंचाचा हवा आणि टोक गोल हवं. १९८८ मध्ये सिल्व्हरस्टोन आणि फेदरस्टोन यांनी आठ प्रकारचे ब्रश एसईएमखाली बघून कुठलं टोक चालेल, कुठलं नाही याचे नमुनेच लावून दिले, आजही डेंटलची पोरं तेच वापरतात. आणि बाजारात टोकं खराब असलेले ब्रश मिळतात हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, सरळ तिरके कापलेले, भाल्यासारखे. इतकंच काय, टोपीसुद्धा कारखान्यात होऊ शकते, कारण टोक गोल करतात ते फिरत्या खरखरीत दगडावर घासून, आणि घाई केली, दगड झिजलेला असला, तर घर्षणाने तिथेच नायलॉन वितळतं.

मग ओळखायचं कसं? नीट घासून गोल केलेलं टोक घुमटासारखं असतं, त्याच्यावर बारीक ओरखडे दिसतात आणि ते दांड्यापेक्षा जाड नसतं. वितळलेलं टोक गुळगुळीत, चकचकीत आणि दांड्याच्या बाहेर आलेलं. तुमच्या फोटोतली सगळी टोकं दुसऱ्या जातीची आहेत, ओरखडा एकाही टोकावर नाही. म्हणजे वितळली आहेत हे नक्की. कारखान्यात का लॅबमध्ये, हे ठरवायला एकच मार्ग, त्याच पाकिटातला कोरा ब्रश काहीही न करता साध्या स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली धरायचा. चाळीसपट पुरे. टोपी तिथे दिसली तर कंपनीला खुशाल धरा, मी पहिली टाळी वाजवीन. लेखकाने हे केलं असेल तर छापा, केलं नसेल तर पुरवणीतल्या फोटोला पुरावा म्हणू नका.

आणि एक राहिलंच, ज्यासाठी खरं तर मी पेन उचललं. त्याच लेखाच्या शेवटी चौकट होती, 'ब्रशची काळजी कशी घ्याल', त्यात दुसरंच वाक्य की आठवड्यातून एकदा ब्रश उकळत्या पाण्यात पाच मिनिटं बुडवा म्हणजे जंतू मरतात. अहो, वर पानभर केसांच्या आकाराची चिंता आणि खाली हे! उकळतं पाणी म्हणजे १०० डिग्री आणि वर ओलं नायलॉन, आमच्या ऑटोक्लेव्हचा धाकटा भाऊच. ग्लासात उभा ठेवलात, केस खाली करून, तर काठाला टेकलेले केस तसेच वाकून बसतील. जंतूंची फारच भीती वाटत असेल तर ब्रश बदला, तीन-चार महिन्यांनी तसाही बदलायचाच असतो, केस फाकले तर त्याच्या आधी.

जावेने नवे चार ब्रश आणलेत. परवा परत फोन, "ताई, गॅसवर पाणी ठेवलंय, घालू का?" म्हटलं बंद कर आधी तो गॅस, त्यात चहा टाक, आणि ब्रश नळाखाली धुऊन उभे ठेव.

आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, पुणे